दमेकऱ्याला व्हेपबद्दल कोणी विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ई-सिगारेटचे साठे पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळतात. माल किती लाखांचा होता, कोणत्या गोदामात सापडला, कितीजणांवर गुन्हा नोंदवला हे त्यांत तपशिलाने दिलेले असते. तो पकडला गेला नसता तर कोणाच्या छातीत गेला असता, याचा मात्र त्या बातम्यांत उल्लेख नसतो. मी पुण्यात महाविद्यालये आणि वसतिगृहे असलेल्या भागात औषधांचे दुकान चालवतो. व्हेप, म्हणजे हीच ई-सिगारेट, ओढणाऱ्या तरुणांमध्ये लहानपणापासून दमा असलेली मुलेमुली आहेत, त्यांना त्याचा त्रास होतो, आणि तो कशाने होतो हे त्यांच्या आईवडिलांना, डॉक्टरांना आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही उमगत नाही, कारण तसे कोणी विचारतच नाही. या न विचारण्याबद्दल मला लिहायचे आहे.

औषध विक्रेत्याला हे दिसते ते निळ्या पंपाच्या हिशेबातून. निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉलचा इन्हेलर, दम लागला की तात्पुरता आराम देणारा. त्यात २०० मात्रा असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला तो आठवड्यातून दोन वेळांपेक्षा जास्त लागू नये, असा संकेत आहे. एका वेळी दोन मात्रा धरल्या तरी त्या हिशेबाने एक पंप जवळजवळ वर्षभर पुरायला हवा. दम्याच्या उपचारांसाठी जगभर प्रमाण मानली जाणारी ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय दमा संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर तीव्र अटॅकचा धोका वाढला आहे असे समजावे, आणि महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचाही. डॉक्टर रुग्णाला चार-सहा महिन्यांतून एकदा पाहतात. दर महिन्याला पंप मागायला तो येतो आमच्याकडे.

असाच लवकर लवकर पंप नेणारा एक विद्यार्थी आला असता मी त्याला बाजूला घेऊन सिगारेट ओढतोस का, असे विचारले. “नाही हो काका, सिगारेटला मी हातसुद्धा लावत नाही,” असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. मग मी पेनासारख्या त्या वस्तूबद्दल विचारले. त्याने आधी मागे उभ्या असलेल्या मित्राकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ते काय, नुसता फ्लेवर असतो.” पैसे काढताना त्याच्या जॅकेटच्या एकाच खिशातून संपलेला निळा पंप आणि हायलायटरएवढी, फिकट हिरव्या रंगाची, टोकाला बारीकसा दिवा असलेली ती वस्तू, दोन्ही बाहेर आली. त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. वाटावे असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

व्हेपमधला द्रव मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा बनलेला असतो. त्यात निकोटीन आणि फळांचा, मिठाईचा किंवा पुदिन्याचा स्वाद देणारी रसायने मिसळलेली असतात. बॅटरीवर तापणारी तार या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब करते. तोंडातून निघणारा पांढरा लोट या थेंबांचा असतो, पाण्याच्या वाफेचा नव्हे. तापताना ग्लायकॉल आणि ग्लिसरीन काही अंशी विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड आणि अॅक्रोलीन ही द्रव्ये तयार होतात. कढईतले तेल धुरकटेपर्यंत तापले की नाकाडोळ्यांना जे झोंबते, त्यात अॅक्रोलीनचा मोठा वाटा असतो. निरोगी माणसाला ठसका लागतो आणि तो खिडकी उघडतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांचे अस्तर मात्र अटॅक नसतानाही थोडेफार सुजलेले असते आणि त्यांभोवतीचे स्नायू एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या चेतनेनेही आवळले जातात, त्यामुळे जिथे इतरांचे खोकल्यावर भागते तिथे त्याची छाती वाजू लागते.

यावर विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असे, की द्रवातले ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वाद हे सर्व पदार्थ खाद्यपदार्थांत चालतात. चालतात, पण पोटात जाण्यासाठी. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॅस्पर येथे मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे २००० च्या सुमारास उघडकीस आले, आणि त्याचे कारण निघाले लोण्याचा स्वाद देणारे डायअॅसिटिल, जे त्याच पॉपकॉर्नमधून लोक निर्धास्तपणे खात होते. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले तेव्हा त्यांपैकी ३९ मध्ये डायअॅसिटिल सापडले. यावरून व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाला तोच आजार होतो असे म्हणता येणार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. खाण्यास निर्धोक ठरलेला स्वाद फुप्फुसालाही निर्धोक असेल असे गृहीत धरू नये, एवढे मात्र त्यावरून नक्की कळते. दालचिनीचा स्वाद देणारे सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतील सूक्ष्म रोमांची हालचाल मंदावते, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. कफ वर ढकलण्याचे काम हे रोम करतात, आणि दमेकऱ्याला कफ आधीच घट्ट आणि जास्त होत असतो.

सर्वांत फसवा भाग मला पुदिन्याचा वाटतो. कडक तंबाखू ओढली की घसा जळतो, आणि ज्याच्या श्वासनलिका नाजूक आहेत तो पहिल्या दोन-तीन झुरक्यांतच ती टाकून देतो. पुष्कळ दमेकरी सिगारेटपासून दूर राहिले ते या जळजळीमुळे. आधुनिक व्हेपमध्ये ही जळजळ दोन मार्गांनी काढून टाकली आहे. निकोटीन त्याच्या मूळ रूपात न वापरता बेंझोइक आम्लासारख्या आम्लाबरोबर क्षाररूपात वापरले, की त्याचा तिखटपणा कमी होतो आणि मोठी मात्राही घशाला न लागता आत जाते; अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या ‘जूल’ने हे तंत्र लोकप्रिय केले. त्यावर मेंथॉल घातले, की थंडावा जाणवणारे चेतातंतू उद्दीपित होऊन उरलीसुरली टोचणीही झाकली जाते. मेंथॉलचा आणखी एक गुण दमेकऱ्याच्या दृष्टीने घातक आहे: श्वासमार्गातील अडथळा तसूभरही कमी न होता तो कमी झाल्यासारखे त्याने वाटते. सर्दीत नाकाला बाम लावल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते तेही याच कारणाने. म्हणून “उलट व्हेप ओढल्यावर मला मोकळे वाटते” असे एखादा दमेकरी म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याची संवेदनाच त्याला खोटी माहिती देत असते. श्वास सोडण्याचा जोर मोजणाऱ्या, नळकांड्यासारख्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकर मारायला लावली, तर खरी स्थिती आकड्यात दिसते. हे साधन काही शे रुपयांना मिळते, पण दम्याच्या शंभर चिठ्ठ्यांत ते एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेले आढळले तरी मला आश्चर्य वाटते.

व्हेपचा श्वासमार्गावर लगेच परिणाम होतो का, हे ग्रीसमधील संशोधकांनी मोजून पाहिले आहे. २०१२ मध्ये त्यांना असे आढळले, की निरोगी धूम्रपान करणाऱ्यांनी केवळ पाच मिनिटे ई-सिगारेट ओढल्यावर त्यांच्या श्वासमार्गांतील रोध वाढला. पुढे २०१८ मध्ये ५४ तरुण धूम्रपान करणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना सौम्य दमा होता, आणि परिणाम त्यांच्यावर अधिक दिसला. दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि हवाई येथील किशोरवयीन मुलांच्या पाहण्यांतही व्हेप ओढणाऱ्यांमध्ये दमा किंवा श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या. या पाहण्यांतून व्हेपमुळेच दमा झाला असे सिद्ध होत नाही, कारण त्यांत आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. व्हेपमुळे नवा दमा जडतो का, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. ज्याला दमा आहेच, त्याच्या बाबतीत त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण मला दिसत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला होता, आणि तो आजही पुण्यातल्या मुलांच्या तोंडी असतो. इटलीतील कातानिया विद्यापीठाच्या पोलोसा आणि सहकाऱ्यांनी तर असे दाखवले, की दमा असलेल्या ज्या थोड्या धूम्रपान करणाऱ्यांनी सिगारेट सोडून व्हेप धरले, त्यांचा दमा सुधारला. सिगारेटचा धूर किती वाईट असतो हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. शिवाय सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यांवर श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा गुणही कमी येतो. पण ही तुलना दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्या चाळीस-पन्नाशीच्या माणसासाठी आहे. ज्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलीच नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायची असते, आणि त्या तुलनेत व्हेप तोट्याचेच आहे. ज्या देशातून हा आकडा आला, त्या ब्रिटनलाही मुलांमधला वापर आणि कचरा पाहून १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे बाळदम्याचा. “लहानपणी होता हो, आता गेला” हे वाक्य आम्ही गल्ल्यावर सारखे ऐकतो. वयात येताना पुष्कळ मुलांची लक्षणे खरोखरच शमतात, घरातला नेब्युलायझर माळ्यावर जातो आणि नियमित घ्यायचा, सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप बंद होतो. मात्र श्वासनलिकांची मूळ प्रवृत्ती पुष्कळदा तशीच राहते आणि विशी-तिशीत दमा परत उद्भवू शकतो. नेमक्या याच मधल्या, मोकळ्या वाटणाऱ्या वर्षांत मुले घर सोडून शिकायला येतात आणि त्यांच्या हाती व्हेप पडते. ती स्वतःला दमेकरी समजत नाहीत, त्यामुळे “दमा असलेल्यांनी व्हेप ओढू नये” असे फलक उद्या जागोजागी लावले तरी ती सूचना आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटणार नाही. भारतात दम्याचे रुग्ण जगातल्या एकूण रुग्णांच्या सुमारे १३ टक्के, आणि दम्याने होणारे मृत्यू मात्र जगातल्या अशा मृत्यूंच्या ४० टक्क्यांहून अधिक, असा २०१९ चा जागतिक अंदाज आहे. सूज कमी करणारे औषध सोडून केवळ निळ्या पंपावर दिवस काढणे, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. त्यात ही भर नको.

जो स्वतः ओढत नाही, त्याचेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दमा असलेल्या किशोरवयीन मुलांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की दुसऱ्याच्या व्हेपचा लोट ज्यांच्या श्वासात जात होता, त्यांना दम्याचा अटॅक येण्याची शक्यता इतरांपेक्षा २७ टक्के अधिक होती. वसतिगृहाच्या एका खोलीत तीन-चार मुले राहतात. सिगारेट ओढायला निदान गच्चीवर किंवा टपरीवर जावे लागते. व्हेप खिडकी लावून, पंख्याखाली, अंथरुणात पडल्या पडल्या ओढली जाते, आणि आंब्याच्या किंवा टरबुजाच्या वासाबद्दल तक्रार करायची तरी कशी, असा संकोच खोलीतल्या दमेकरी मुलाला पडतो.

आता कायद्याविषयी. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. ही बंदी उठवावी असे मी म्हणत नाही. ती आणखी काटेकोरपणे राबवावी, असेच माझे मत आहे. पण बंदीचे दोन परिणाम आरोग्याच्या बाजूने विचारात घेतले गेलेले नाहीत. पहिला असा, की जो माल चोरवाटेने येतो त्यात काय आहे याची जबाबदारी कोणावरच नसते. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना तीव्र इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी गांजातील घटक असलेली, अनधिकृत मार्गाने मिळालेली द्रव्ये ओढली होती आणि मुख्य संशयित निघाले त्यांत मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट. म्हणजे ती साथ साध्या निकोटीन व्हेपची म्हणता येत नाही, हे खरे. मात्र आपल्या रस्त्यांवर विकले जाणारे प्रत्येक व्हेप अनधिकृतच असते, आणि त्यात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरा परिणाम अधिक जवळचा आहे. बंदी असलेली वस्तू आपण वापरतो हे कबूल केले तर पोलीस येतील, कॉलेजातून काढतील, अशी भीती मुलांना आणि त्याहून जास्त त्यांच्या पालकांना वाटते. माझ्या दुकानात एका आईने मुलाच्या बॅगेत सापडलेले व्हेप मला रुमालात गुंडाळून दाखवले आणि “दादा, डॉक्टरांना हे सांगितलं तर काही केस वगैरे होईल का?” असे विचारले. कायद्यात केवळ ओढणाऱ्यासाठी स्वतंत्र शिक्षा नाही. तो उत्पादक, विक्रेते, साठेबाज आणि जाहिरातदार यांच्याविरुद्ध आहे. डॉक्टरांना खरे सांगण्यात कसलाही धोका नाही, आणि हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत छापले पाहिजे. एरवी काय होते, तर रुग्ण गप्प राहतो, डॉक्टर दमा वाढला असे समजून औषधाची मात्रा वाढवतात, आणि रुग्ण वाढलेले औषध आणि व्हेप दोन्ही चालू ठेवतो.

डॉक्टरांना माझी विनंती अशी, की केस पेपरवरच्या ‘धूम्रपान?’ या रकान्यावर विसंबू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते आणि ते प्रामाणिक असते. व्हेप, पॉड, पेन, हुक्का अशी नावे घेऊन, शक्यतो आईवडिलांना क्षणभर बाहेर बसवून आणि उपदेश न करता विचारावे. ज्या तरुणाचा दमा आटोक्यात होता आणि गाव सोडून शहरात आल्यावर सहा महिन्यांत बिघडला, त्याच्या बाबतीत शहराची हवा, खोलीतली ओल आणि परीक्षेचा ताण ही कारणे आपल्याला चटकन सुचतात, ती खरीही असू शकतात. त्यांच्याबरोबर हे एक कारणही तपासले जावे. आम्हा औषध विक्रेत्यांचीही यात जबाबदारी आहे. साल्ब्युटामॉल चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. ते कोण किती लवकर नेतो हे आमच्या संगणकात बघायला अर्धे मिनिट लागते, आणि तेवढ्यात दोन प्रश्न विचारता येतात. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून न विचारणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. महाविद्यालयांनीही प्रवेशाच्या वेळची वैद्यकीय तपासणी उंची-वजनापुरती न ठेवता लहानपणीच्या दम्याची नोंद घ्यावी आणि वसतिगृहाच्या रेक्टरांना अटॅक आल्यास काय करायचे ते शिकवावे.

ज्यांना सोडायचे आहे, त्यांना “बंद कर” एवढे सांगून भागत नाही, कारण त्यात निकोटीन असते आणि त्याची सवय सिगारेटइतकीच पक्की लागते. दोन मिलिग्रॅमचे निकोटीन च्युइंगगम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते, पण दमा असलेल्याने आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सोडण्याच्या काळात स्टेरॉइडचा पंप एक दिवसही चुकवू नये आणि निळा पंप जवळ ठेवावा. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेने ती २०१६ मध्ये सुरू केली आणि नंतर मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातही तिचे केंद्र उघडले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकालाही हा क्रमांक ठाऊक नव्हता. आपण ई-सिगारेटच्या साठ्याची पुढची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली एका ओळीत हा क्रमांक आणि ‘ओढणाऱ्यासाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही, डॉक्टरांना सांगा’ एवढा मजकूर द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता, पुणे

(माझ्या ग्राहकांची ओळख पटू नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.)